टीबी, मेडिक्लेम आणि सरकारी गोळ्या: सहा महिन्यांचा आमचा रिव्ह्यू

आधीच सांगते, हा रिव्ह्यू लांबलाय आणि तो एका सर्व्हिसचा नाही, दोन सर्व्हिसचा आहे. माझ्या धाकट्या भावाला जानेवारी २०२५मध्ये टीबी निघाला आणि पुढच्या सहा महिन्यांत आम्ही त्याच्या कंपनीचा ग्रुप मेडिक्लेमही वापरला आणि सरकारची फुकट टीबी ट्रीटमेंटही वापरली. मेडिक्लेमला ५पैकी २ स्टार, सरकारी ट्रीटमेंटला ४. लग्नाआधी चार वर्षं मी एका हॉस्पिटलच्या बिलिंग काउंटरला होते, त्यामुळे बिलं, प्री-ऑथ (उपचाराआधी विमा कंपनीची घ्यायची परवानगी), टीपीए (कंपनीच्या वतीनं क्लेम बघणारी मध्यस्थ संस्था) हे सगळं मला नवीन नव्हतं, पण काउंटरच्या पलीकडच्या बाजूला उभं राहिल्यावर कळतं की पैसा कुठे मिळतो यावर माणूस ट्रीटमेंट कशी घेणार हे किती ठरतं, आणि तेच सांगायला हे लिहितेय.

भाऊ चाकणच्या एमआयडीसीत प्रेस शॉपला आहे. डिसेंबरपासून खोकला, संध्याकाळी अंग गरम, रात्री बनियन घामानं ओलं, वजन ५८चं ५१. गल्लीतल्या डॉक्टरांनी दोनदा अँटिबायोटिकचा कोर्स दिला, थोडं बरं वाटायचं परत तेच. मग एक दिवस उजव्या कुशीत असं दुखायला लागलं की श्वास घेता येईना, एक्स-रे काढला तर उजव्या बाजूला छातीत पाणी. रात्री ९ वाजता आम्ही खासगी हॉस्पिटलमध्ये, हातात मेडिक्लेमचं ई-कार्ड.

इथपर्यंत मेडिक्लेमचं कौतुकच करीन. पेपर गेले, परवानगी तासाभरात आली (मे २०२४पासून आयआरडीएआयचा, म्हणजे विमा कंपन्यांवर लक्ष ठेवणाऱ्या सरकारी संस्थेचा, नियमच आहे की कॅशलेसच्या विनंतीवर एका तासात निर्णय द्यायचा, आमच्या बाबतीत तो पाळला गेला), डिपॉझिट म्हणून एक रुपया भरावा लागला नाही. सुई घालून पाणी काढलं, ते तपासायला गेलं, थुंकीही गेली. सीबीनॅटचा (टीबी आहे का आणि तो औषधाला दाद देतो का हे सांगणारी तपासणी) रिपोर्ट दुसऱ्या दिवशी आला, टीबी आहे, पण रिफाम्पिसिन या मुख्य औषधाला दाद न देणारा नाही. डॉक्टर म्हणाले हे वाईटातलं चांगलं आहे, आणि आई तिथेच खुर्चीवर बसून रडली, तिच्या माहेरी तिचे काका ह्यातच गेले होते.

आता बिल. टीबीचा संशय आला म्हणून त्याला पहिल्याच रात्री वेगळ्या खोलीत ठेवायला सांगितलं, ते बरोबरच आहे, बाजूच्या बेडवरच्या माणसाला का लागण व्हावी. म्हणून मग तीनही रात्री वेगळ्या खोलीच्या रेटनंच लागल्या. पॉलिसी ३ लाखांची, रूम रेंटची मर्यादा १ टक्का म्हणजे दिवसाला ३,०००, आणि वेगळ्या खोलीचं भाडं ४,५००. ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी सांगते, खोली मर्यादेपेक्षा महाग घेतली तर फक्त वरचे दीड हजार आपल्या खिशातून जातात असं नाही, त्याच प्रमाणात डॉक्टरची फी, नर्सिंग, प्रोसिजर सगळ्यालाच कात्री लागते. एकूण बिल ६२,०००. खोलीचे १३,५००, त्यातले ९,००० मंजूर. डॉक्टर, नर्सिंग, पाणी काढणं मिळून २७,०००, त्यातले १८,०००. औषधं आणि तपासण्या २१,५००, त्यातून ग्लोव्हज, मास्क, डायपर असलं काय काय वजा होऊन १८,४००. म्हणजे ४५,४०० त्यांनी दिले आणि १६,६०० आम्ही. टीबी म्हणून वेगळी खोली, वेगळी खोली म्हणून भाडं जास्त, भाडं जास्त म्हणून डॉक्टरच्या फीचासुद्धा तिसरा हिस्सा आपल्यावर. मी टीपीएच्या माणसाला फोन करून विचारलं की खोली आम्ही हौसेनं नाही घेतली, डॉक्टरांनी लिहून दिलंय, तर तो म्हणाला मॅडम पॉलिसीत आयसोलेशनसाठी वेगळं कलम नाही. खरंच नव्हतं, मी नंतर शोधलं. तुमच्या पॉलिसीत रूम रेंटची मर्यादा आहे का आणि आयसोलेशनचं काही लिहिलंय का ते आजच बघून ठेवा.

पण खरी गंमत, म्हणजे गंमत कसली, खरी अडचण डिस्चार्जनंतर सुरू झाली. टीबी हा ॲडमिट होऊन बरा करायचा आजार नाहीच मुळात. पहिले दोन महिने चार औषधं, पुढचे चार महिने तीन औषधं, रोज, एकही दिवस न चुकवता, घरी राहून. त्या १८० दिवसांतले ३ दिवस भाऊ बेडवर होता. आणि मेडिक्लेम हा २४ तासांच्या ॲडमिशनचा खेळ आहे. डिस्चार्जनंतर ६० दिवसांची बिलं मिळतात (काही पॉलिसीत ९० दिवस असतात), तीही ओरिजिनल पावती, प्रिस्क्रिप्शनची झेरॉक्स, रिपोर्टची झेरॉक्स सगळं जोडून पाठवायचं. आम्ही ६,२४०ची बिलं लावली, चाळीसेक दिवसांनी ५,१०० आले. बाकीचे का कापले ते लेटरमध्ये आहे, मला एका ओळीचं कारणही पटलं नाही पण त्यासाठी भांडायची ताकद तेव्हा नव्हती.

मधल्या काळात एकदा भावाला उलट्या झाल्या, डोळे पिवळे वाटले म्हणून लिव्हरच्या टेस्टसाठी गेलो (ह्या गोळ्यांचा लिव्हरवर परिणाम होऊ शकतो, त्यामुळे उलट्या, पिवळेपणा, भूक पार जाणं असं काही दिसलं तर थांबू नका, लगेच दाखवा). रिपोर्ट ठीक आला. पण तिथल्या काउंटरवरच्या माणसानं मला हळूच सांगितलं, ताई, एक दिवस ॲडमिट दाखवू, सीटी पण करून घेऊ, सगळं क्लेममध्ये बसेल. मी त्याच खुर्चीत चार वर्षं बसलेली आहे, मला माहितीये हे का होतं. बाहेर केलेली टेस्ट पेशंटच्या खिशातून जाते, आत केलेली विम्यातून जाते, मग पेशंटही म्हणतो ॲडमिट करा आणि हॉस्पिटलही म्हणतं करतो. पण प्रत्येक पॉलिसीत एक ठरलेलं एक्स्क्लूजन असतं, कोड ०४, नुसत्या तपासण्यांसाठी केलेलं ॲडमिशन मान्य नाही. असे क्लेम नाकारले गेलेले मी स्वतः पाहिलेत, आणि मग तेच पेशंट काउंटरवर येऊन पूर्ण बिल भरताना पाहिलेत, कानातलं गहाण टाकून. आम्ही नाही म्हटलं आणि टेस्टचे ६५० भरून घरी आलो.

आता सरकारी बाजूचं सांगते. छातीच्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी भावाची नोंद निक्षय पोर्टलवर (सरकारची टीबी पेशंटची ऑनलाइन नोंदवही) केली होती. खासगी डॉक्टरला टीबीची नोंद करणं २०१२पासून बंधनकारक आहे, हे मला माहीत होतं, पण त्यांना त्या नोंदीचे ५०० आणि पेशंटच्या उपचाराचा निकाल कळवला की आणखी ५०० सरकार देतं हे माहीत नव्हतं. आणि खासगी डॉक्टरकडचा पेशंट असला तरी सरकारी गोळ्या फुकट मिळतात, हेही माहीत नव्हतं. तीन आठवडे आम्ही मेडिकलमधून विकत घेत होतो, मग एके दिवशी फोन आला, क्षयरोग विभागातून बोलतेय, तुमच्या पेशंटचं वजन किती, गोळ्या घ्यायला कधी येताय. मला वाटलं फ्रॉड कॉल आहे. नव्हता.

दवाखाना साधाच आहे. भिंतीला पोपडे, एक टेबल, वजनकाटा, खिडकी सताड उघडी (हवा खेळती ठेवायचीच असते, टीबीच्या खोलीला पंख्यापेक्षा खिडकी महत्त्वाची), बाहेर लाकडी बाक. तिथल्या ताईंनी आधी वजन केलं, ५१, म्हणून रोज चार गोळ्या. वजनावर गोळ्यांची संख्या ठरते, ३५ ते ४९ किलोला तीन, ५० ते ६४ला चार. एकाच गोळीत चारही औषधं असतात. तांबूस रंगाची, बऱ्यापैकी मोठी गोळी. सकाळी उपाशीपोटी घ्यायची, आणि लघवी केशरी होते तर घाबरायचं नाही, हे त्यांनी आधीच सांगितलं म्हणून बरं, नाहीतर भाऊ पहिल्याच दिवशी रक्त समजून घाबरला असता. शुगर आणि एचआयव्हीची तपासणी तिथेच, फुकट. आईची आणि माझ्या भाच्याचीही तपासणी केली, आणि त्यांना टीबी होऊ नये म्हणून गोळ्या दिल्या, आईला आठवड्यातून एकदा अशा बारा आठवडे. खासगीत आम्हाला घरच्यांचं कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, कारण घरचे पेशंट नव्हते आणि त्यांच्या नावाचा क्लेम नव्हता.

एक स्टार कशाचा कापला तर वेळेचा. सकाळी ठरावीक वेळातच गोळ्या मिळतात, शिफ्टवाल्या माणसाला ते जमत नाही, भाऊ कामावर रुजू झाल्यावर दर वेळी मला नाहीतर आईला जावं लागलं. एकदा महिन्याऐवजी १५ दिवसांच्याच गोळ्या हातात पडल्या, म्हणजे परत एक चक्कर. बाकावर तोंड झाकून बसणाऱ्या पोरीही बघितल्या, खोकल्यासाठी नाही, ओळखीचं कुणी बघू नये म्हणून. त्याला दवाखाना काय करणार म्हणा.

निक्षय पोषण योजनेचे पैसे. २०१८ला ही सुरू झाली तेव्हा महिन्याला ५०० होते, नोव्हेंबर २०२४पासून १,००० केलेत. थेट पेशंटच्या खात्यात. आमच्या वेळी ३,००० सुरुवातीला आणि ३,००० चौऱ्याऐंशी दिवसांनंतर असं ठरलेलं. भावाचं बँक खातं आधारला नीट जोडलेलं नव्हतं, बँकेत दोन चकरा मारल्या, पहिले ३,००० पाच आठवड्यांनी आले. आईनं त्या पैशांचा हिशोब कॅलेंडरच्या मागे लिहून ठेवलाय, अंडी, शेंगदाणे, गूळ, दूध, मटकी, एकदा बोंबील. तिला कुणी हिशोब मागितला नव्हता. मी ६२ हजारांच्या बिलाचे कागद फाइलला लावले आणि तिनं ३ हजारांचे अंडी-बोंबील लिहिले, आणि खरं सांगू का, भावाचं वजन त्या दुसऱ्या हिशोबावर वाढलं.

आता मार्च महिना. हे वाचणाऱ्यांपैकी ज्यांच्या घरात पेशंट आहे त्यांनी एवढं तरी नीट वाचा. डिस्चार्जपासून ६० दिवस झाले, मेडिक्लेमची मुदत संपली, मेसेज आला की तुमचा क्लेम सेटल होऊन बंद झालेला आहे. भावाचा खोकला केव्हाच थांबला होता, वजन ५५, ताप नाही, जेवण दणकून. दोन महिन्यांची थुंकीची तपासणीही निगेटिव्ह आली. आणि त्याच आठवड्यात त्यानं गोळ्या घेणं बंद केलं. आम्हाला सांगितलं नाही. मी विचारलं असतं तरी म्हणाला असता घेतो की. नंतर म्हणाला, ‘अगं ताई, फाइल क्लोज झाली ना, मला वाटलं आता उरलंय ते असंच सावधगिरीचं.’ ह्याला मी अडाणी म्हणणार नाही, तो डिप्लोमा झालेला मुलगा आहे. पण विमा कंपनीनं सांगितलं संपलं, छातीच्या डॉक्टरांकडे जायचं तर ८०० फी आता आपल्या खिशातून, म्हणून ती अपॉइंटमेंट त्यानं पुढे ढकललेली, तब्येत म्हणते मी बरी आहे. सगळ्या बाजूंनी त्याला एकच गोष्ट ऐकू येत होती.

तीन दिवस गेले. चौथ्या दिवशी संध्याकाळी आमच्या भागातल्या आशाताई आल्या. त्या अधूनमधून येतातच, पण त्या दिवशी बसल्या आणि म्हणाल्या, दादा, पाकिटं दाखवा बरं. भाऊ म्हणाला आहेत की आत. त्या म्हणाल्या आणा ना. त्यानं आणली. त्यांनी मांडीवर पट्ट्या ठेवल्या, मागची तारीख बघितली, बोटानं रिकामे खण मोजले, परत मोजले आणि मान वर न करता म्हणाल्या, सोळा जास्त आहेत. रोज चार, चार दिवसांच्या सोळा. खोलीत कुणी बोललं नाही. मग त्यांनी ओरडाआरडा न करता त्याला सांगितलं की अर्धवट सोडलं तर जे जंतू उरलेत ते ह्याच औषधांना जुमानेनासे होतात, मग सहा महिन्यांवर भागत नाही, औषधं वेगळी, त्रास जास्त. आणि सगळ्यात शेवटी म्हणाल्या, तुमच्या आईनं ताटात वाढलेलं वाया घालवू नका. त्यांच्यासमोर त्यानं पाणी मागितलं. म्हणाला आत्ता घेऊ का? त्या म्हणाल्या, आत्ता नको, उद्या सकाळी, उपाशीपोटी, आणि मला फोन करा.

पुढे सोळा दिवस तो रोज सकाळी त्यांना फोन करायचा. सोळाच का ते मला माहीत नाही, त्या दोघांचं ठरलं होतं.

ह्या आशाताईंना पेशंटचा कोर्स पूर्ण झाला की १,००० रुपये मिळतात. एवढेच. सहा महिन्यांच्या येण्याजाण्याचे. पण बघा पैसा कशाला बांधलाय. हॉस्पिटलला पैसा बेडला मिळाला, कंपनीनं बेडचा हिशोब चुकता केला आणि फाइल बंद केली. आशाताईंचा पैसा शेवटच्या गोळीला बांधलेला आहे आणि डॉक्टरांचे दुसरे ५०० निकालाला. विमावाल्यांना हे करता येत नाही असं नाही हो. फिलिपिन्सच्या सरकारी आरोग्य विम्यानं २००३मध्येच टीबीचं ॲडमिशन नसलेलं पॅकेज काढलं, एका पेशंटमागे ४,००० पेसो, आणि तेही दवाखान्याला दोन हप्त्यांत, पहिला टप्पा पार पडल्यावर एक आणि कोर्स संपल्यावर दुसरा. दक्षिण कोरियानं जुलै २०१६पासून टीबीच्या उपचारात पेशंटनं भरायचा हिस्साच काढून टाकला. आपल्याकडे महात्मा फुले जनआरोग्य योजना काय आणि आयुष्मान काय, दोन्ही ५ लाखांच्या, छातीत पू होऊन ऑपरेशन लागलं तर देवासारख्या धावून येतील, पण पैसे पॅकेजचे, म्हणजे पुन्हा ॲडमिशनचेच. रोजच्या चार गोळ्यांचं, महिन्याच्या एक्स-रेचं, लिव्हरच्या टेस्टचं पॅकेज नाही.

आणि पगार. हे मला सगळ्यात जास्त लागलं. भाऊ सव्वादोन महिने घरी होता, रजा १२-१३ दिवसांतच संपल्या, पुढचे पन्नास दिवस बिनपगारी, ३७ हजारांच्या आसपास गेले. मेडिक्लेममध्ये पगाराचं काही नसतं. आता हे ऐका, मार्च २०२४पर्यंत त्याचा पगार १९,८०० होता आणि ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) कापला जायचा, ०.७५ टक्के, महिन्याला १४९ रुपये. तो कुरकुरायचा की उगाच कापतात. एप्रिलमध्ये पगार २२,४०० झाला, ईएसआयची मर्यादा २१,००० आहे (२०१७पासून तीच आहे, तेव्हापासून महागाई कुठे गेली बघा), त्यामुळे तो ईएसआयच्या बाहेर गेला आणि मेडिक्लेममध्ये आला. आम्ही पेढे वाटले. ईएसआयमध्ये लांबच्या आजारांची जी यादी आहे त्यात टीबी आहे, नोकरीच्या आणि वर्गणीच्या अटी बसत असतील तर पहिल्या ९१ दिवसांना पगाराच्या ७० टक्के आणि पुढे वाढीव आजारपणात ८० टक्के, तेही दोन वर्षांपर्यंत. आम्हाला हे टीबी झाल्यावर कळलं. १४९ रुपयांत त्याला बाहेरच्या गोळ्या, टेस्ट आणि घरी बसल्याचा पगार असं तिन्ही मिळण्याची सोय होती, आणि २,६०० रुपयांच्या वाढीनं ती गेली. पगार वाढू नये असं मी म्हणत नाहीये. मर्यादा वाढवा म्हणतेय, आणि कंपन्यांनी पोराला मेडिक्लेमचं कार्ड देताना ‘तुझं हे हे गेलं’ असं एका कागदावर लिहून द्यावं म्हणतेय.

मग मेडिक्लेम घ्यायचा नाही का? घ्याच. त्या रात्री ९ वाजता हातात कार्ड नसतं तर मी आईच्या बांगड्या घेऊन बसले असते. २ स्टार त्या रात्रीचेच आहेत. पण टीबीसाठी म्हणाल तर निदान झाल्या झाल्या, ॲडमिशन असो नसो, सरकारी नोंद झालीये का ते डॉक्टरांना विचारा, निक्षयचा नंबर लिहून घ्या, बँक खातं आधारला जोडलंय का ते त्याच आठवड्यात बघा, घरच्यांची तपासणी मागून घ्या. काही अडलं तर टीबीची हेल्पलाइन १८००-११-६६६६, फुकट आहे, मी दोनदा फोन केला आणि दोन्ही वेळा माणूस बोलला, मशीन नाही. आणि मेडिक्लेमचा ‘क्लोज’चा मेसेज आला की त्या दिवशी पाकिटं मोजा.

जुलैच्या शेवटी कोर्स संपला. शेवटच्या थुंकीचा रिपोर्ट निगेटिव्ह, वजन ५९. रिकाम्या पट्ट्या आईनं अजून फेकू दिल्या नाहीत, बुटाच्या खोक्यात ठेवल्यात. कंपनीच्या एचआरला मी भावाकडून मेल पाठवून घेतलाय, रिन्यूअलच्या वेळी ओपीडीचं, म्हणजे ॲडमिट न होता घेतलेल्या उपचारांचं, कव्हर घ्या, संसर्गाच्या आजारात खोलीच्या भाड्याची मर्यादा लावू नका, आणि टीबीच्या पेशंटला भरपगारी रजा द्या, अशा तीन मागण्या. पहिल्या मागणीवर ‘बघतो’ असं उत्तर आलंय, बाकी दोनवर काही नाही, पुढच्या सोमवारी तो परत लिहिणार आहे. दवाखान्यात पुढची तपासणी जानेवारीत आहे, कोर्स संपल्यावरही दोन वर्षं दर सहा महिन्यांनी बोलावतात. तारीख आशाताईंनी स्वतः येऊन कॅलेंडरवर लाल पेनानं गोल केली आहे.